जिजाबा हे नाव

(आपल्या ज्ञातिमंडळाच्या भोर येथील वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



मंडळाने वंशावळीचे पुस्तक सिद्ध करण्याचे योजिले असून त्यासाठी घरोघर छापील तक्ते पाठविले आहेत, हे आपणांस ठाऊक आहेच. भरून आलेले तक्ते ताडून पाहण्याचे काम चिटणिसांनी आमच्या गळ्यात घातले. सेवानिवृत्त माणसापाशी वेळ पुष्कळ असतो, अशी एक समजूत आहे. ती सर्वस्वी खोटी नाही. तक्ते पाहता पाहता एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. काही तक्त्यांच्या समासात पेन्सिलीने बारीक अक्षरांत टीप होती : ‘हे नाव बायकी वाटते, छापताना सुधारून घ्यावे.’ एका घराने खापरपणजोबांचे ‘रखमाजी’ हे नाव खोडून तेथे ‘रुक्मांगद’ केले होते. दुसऱ्याने ‘गोदाजी’चे ‘गोविंदराव’ केले. तिसऱ्या घरी ‘विठा’ नावाचे कोणी मूळपुरुष होते, ते ‘विठ्ठलराव’ झाले. एकाने तर काहीच सुधारले नव्हते. नावाच्या जागी नुसती रेघ ओढली होती.

या टिपा वाचून आम्हांस प्रथम हसू आले आणि मग हसू मावळले. कारण असली पेन्सील आम्हीही एकदा हाती धरली होती. ती हकीकत पुढे येईलच. प्रथम या नावांविषयी थोडे बोलू द्यावे.

नामदेवरायांच्या घरापासून आरंभ करू. त्यांना चार पुत्र : नारा, विठा, गोंदा आणि महादा. यांतील ‘विठा’ हे नाव आज नुसते उच्चारले, तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कोणी विठाबाईच उभी राहील. त्याच दिंडीत पुढे पाहा : सावता, चोखा, गोरा, सेना, तुका. आणि त्यांच्याच जोडीने मुक्ता, जना, सोयरा, निर्मळा. नावांचा शेवट सगळा एकच, पण त्यामुळे पंढरीच्या वाटेवर कोणाचा गोंधळ उडाल्याचे ऐकिवात नाही. तुका म्हटले की आपण देहूकडे तोंड करून हात जोडतो. पण शहाजीराजांच्या दुसऱ्या राणीसाहेब, व्यंकोजीराजांच्या मातोश्री, यांचे नाव तुकाबाई होते, याचे कोणाला स्मरण राहत नाही.

मौज अशी आहे की, आपल्या जुन्या रीतीत नाव हे जणू बी असे आणि त्याला ‘जी’, ‘बा’, ‘राव’ किंवा ‘बाई’, ‘आई’ अशी पालवी फुटे. हिरा हे बी; त्याचे हिरोजी झाले आणि हिराबाई झाली. राणोजी आणि राणूबाई, भागोजी आणि भागूबाई, काशिबा आणि काशीबाई. भाटघरच्या जलाशयाला ज्यांचे नाव आहे ते आपल्या भुतोंड्याचे येसाजी कंक आणि संभाजीमहाराजांच्या राणी येसूबाई, यांच्या नावांचे मूळ काही फार लांब नाही. आपल्या भोरच्या पंतसचिवांच्या घराण्यात ‘चिमणाजी’ हे नाव पुनःपुन्हा येते; १७३९ साली वसई घेणारे चिमाजी अप्पा तर सर्वश्रुतच आहेत. तेच नाव पुढे बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या दोन्ही राण्यांना, एकीमागून एक, विवाहानंतर मिळाले : चिमणाबाई. नाव तेच, पालवी निराळी.

शेजारच्या पुरंदर तालुक्यात भिवडी हे गाव आहे. तेथले उमाजी नाईक. इंग्रजांना त्यांनी सळो की पळो करून सोडले, आणि इंग्रजांनी १८३२ साली त्यांना पुण्यात फासावर चढविले. उमा कोणाचे नाव, हे या सभेत सांगावयास नको. त्या नावामुळे नाईकांच्या मर्दुमकीत काही उणे पडले, असे कोणी म्हणेल काय? आणि याहून मोठे उदाहरण हवे असेल, तर शिवनेरीकडे पाहावे. थोरल्या महाराजांचे नाव तेथील शिवाई देवीवरून ठेवले, असे परंपरा मानते. त्यांच्या वडिलांचे आणि चुलत्यांचे, म्हणजे शहाजी आणि शरीफजी ही नावे, नगरच्या शाहशरीफ पिराच्या नवसावरून पडली, असे बखरी सांगतात. तात्पर्य, नाव ठेवताना आपले पूर्वज प्रथम उपकार कोणाचा, हे पाहत. ते नाव स्त्रीचे की पुरुषाचे, हा प्रश्न त्यांच्या लेखी मागाहूनचा होता. जाता जाता एक गोष्ट : त्या नगर शहराचेच नाव आता अहिल्यानगर झाले आहे. म्हणजे शहराला स्त्रीचे नाव चालते. मुलाला तेवढे चालत नाही.

मग ही नावे मुलींकडे गेली कशी? आमच्या अल्पमतीप्रमाणे याला दोन कारणे घडली. एक असे की, शिक्षण वाढले तशी मुलांची नावे पोथीतून आणि पुढे सिनेमातून येऊ लागली. अशोक, सुरेश, प्रकाश, दिलीप, अशी अकारान्त नावे घरोघर झाली. विठा, गोंदा, म्हादा ही आकारान्त हाक गावंढळ ठरून मागे पडली, आणि आकार हा केवळ मुलींच्या नावाचा, अशी कानाला सवय लागली. दुसरे कारण असे की, मुलींच्या नावापुढचे ‘बाई’ गेले. सोनाबाईची सोना झाली, हिराबाईची हिरा झाली. पालवी गळाली, बी तेवढे उरले, आणि ते मुलींच्या ओटीत पडले. महात्मा फुले यांचा जन्म १८२७ चा. त्यांचे नाव वाडी रत्नागिरीच्या जोतिबावरून ठेविले, असे चरित्रकार सांगतात. त्या ‘जोती’ची शुद्ध ‘ज्योती’ झाली मात्र, आणि आज वर्गात हे नाव पुकारले की मुलगीच उठून उभी राहते. ‘माणिक’चेही तसेच. १८१७ साली जन्मलेले माणिकप्रभू, १९०९ साली जन्मलेल्या तुकडोजी महाराजांचे पाळण्यातले नाव माणिक, आणि १९२६ साली जन्मलेल्या गायिका माणिक वर्मा. आज नवी बाळंतीण हे नाव कोणासाठी राखून ठेवील, ते आपणच सांगावे.

हे आपल्याकडेच घडले असेही नाही. इंग्रजांत ‘शर्ली’ हे पुरुषाचे नाव होते. १८४९ साली शार्लट ब्राँटी या लेखिकेने आपल्या कादंबरीतील नायिकेस ते दिले. तिच्या आईबापांना मुलगा हवा होता म्हणून हे मुलाचे नाव तिला मिळाले, अशी कथा. पुढे ते नाव मुलींचे झाले ते झालेच. मुलीने मुलाचे नाव घेतले तर लोक कौतुक करतात, आणि एकदा ते तिचे झाले की मुलगा त्याला शिवत नाही. असे का व्हावे, याचा विचार ज्याने त्याने आपल्या मनाशी करावा. आम्ही केला, आणि उत्तर आम्हांस फारसे भूषणावह वाटले नाही.

आता आमच्या घरची हकीकत.

आमच्या वडिलांचे नाव जिजाबा. वेल्हे तालुक्यात (त्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय २०२४ साली झाला, तथापि आमच्या तोंडी वेल्हेच येते, क्षमा असावी) गुंजवणीच्या काठी आमची थोडी भातखाचरे आहेत. त्यांच्या आजीचे नाव जिजाबाई. या बाईंनी वैधव्यात, दोन लहानग्या मुलांना पाठीशी घालून ती खाचरे राखली, असे आम्ही लहानपणी ऐकत आलो. ती माउली गेली, आणि तिचे दिवस होऊन महिना लोटतो न लोटतो तोच आमचे वडील जन्मले. घरातल्या बायका म्हणाल्या, आजीच परत आली. झाले, बारशाला दुसऱ्या नावाचा विचारच झाला नाही. ‘बाई’ काढली आणि ‘बा’ लावला. राजगड समोर दिसत असता त्या मुलुखात हे नाव कोणाला लाजिरवाणे वाटणार? राजमाता जिजाऊंचा वावर त्या गडावर वर्षानुवर्षे होता.

पण आम्ही शिकण्यासाठी तालुक्याच्या गावी आलो. अकरावीच्या परीक्षेचा अर्ज भरावयाचा होता. शिक्षकांनी एकेकास उभे करून वडिलांचे संपूर्ण नाव विचारले. आम्ही ‘जिजाबा’ म्हणताच मागल्या बाकावरून कोणी तरी “जिजाबाई का रे?” असे विचारले, आणि सारा वर्ग खो खो हसला. एवढेच. यात कोणाचा दुष्टावा नव्हता, पोरवयच ते. परंतु मधल्या सुट्टीनंतर अर्ज शाईने पक्का करावयास मिळाला, तेव्हा आम्ही ‘जिजाबा’च्या जागी ‘जिवाजी’ असे लिहिले. दोनच अक्षरांचा फरक. तेच नाव गुणपत्रिकेवर आले, तेच नोकरीच्या कागदांवर चढले, लग्नपत्रिकेतही तेच छापले गेले.

वडिलांना जेमतेम वाचता येत असे. गुणपत्रिका हाती घेऊन त्यांनी बोट ठेवून एकेक अक्षर लावले आणि विचारले, “ह्यो जिवाजी कोण?” आम्ही म्हणालो, “लिहिणाऱ्याची चूक झाली असेल.” ते क्षणभर थांबले. मग म्हणाले, “आसू दे. माझं नाव सातबाऱ्यावर हाय.” पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही.

आणि खरोखरच ते सातबाऱ्यावर होते. वडील गेले. वारस नोंदीचे काम आम्ही आळसाने बरीच वर्षे तसेच ठेविले होते. शेवटी अर्ज केला तेव्हा अडचण उभी राहिली : सातबाऱ्यावरचे मयत खातेदार जिजाबा, आणि आमच्या सर्व कागदांवर बापाचे नाव जिवाजी. तेव्हा आम्ही त्यांचे पुत्र कशावरून? मुद्रांकावर प्रतिज्ञापत्र करावे लागले, की जिजाबा आणि जिवाजी ही एकाच व्यक्तीची नावे होत. कारणाच्या ओळीत आम्ही पुन्हा तेच लिहिले : ‘लेखनिकाच्या नजरचुकीमुळे.’ शपथेवर लिहिले. ज्या बिचाऱ्या लेखनिकाने आयुष्यात आमचे काही वाईट केले नाही, त्याच्या माथी हे पाप आम्ही दोनदा मारले.

तो मसुदा आमच्या सूनबाईंनी टंकलिखित केला. आपल्याकडे सुनांनी सासऱ्या-आजेसासऱ्यांचे नाव घ्यावयाचे नाही अशी रीत. आमच्या मातोश्रींनी तर जन्मात पतीचे नाव उच्चारले नाही. उखाण्यात घ्यावे लागले तेव्हाही ‘राजगडच्या माउलीचं नाव’ असे म्हणून त्या वेळ मारून नेत. ही मर्यादा आम्ही हिणवीत नाही. पण तिचा एक परिणाम असा झाला की, पुरुषांची जुनी नावे घरात ऐकूच आली नाहीत. ती कागदावर राहिली, बायकांच्या तोंडी राहिली नाहीत, आणि नाव जगते ते तोंडी. सूनबाईंनी मात्र ते नाव मोठ्याने वाचले आणि विचारले, “जिजाबा हे खरे, तर मग चूक कोणाची?” आम्ही प्रथमच खरे सांगितले.

त्यांना दिवस होते. मुलगा झाला तेव्हा त्यांनीच म्हटले, “याचे नाव जिजाबा ठेवू.”

घरात वादळ उठले. बाळाच्या मामांनी सुचविले की, ‘जय’ ठेवा, ‘जिगर’ ठेवा, ज वरूनच हवे असेल तर काय वाटेल ते ठेवा. आमच्या मुलीने, म्हणजे बाळाच्या आत्याने, जे विचारले ते मात्र आम्हांस अद्याप बोचते. ती म्हणाली, “बाबा, जिजा नावाच्या मुली आता गल्लोगल्ली आहेत. शाळेत याला काय काय ऐकावे लागेल, ते तुम्हांला ठाऊक आहे. तुम्हांला एक दिवसाचे हसू सोसले नाही, आणि ते या लेकराने जन्मभर सोसायचे?” या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी नव्हते, आजही नाही. आम्ही गप्प बसलो. उत्तर सूनबाईंनी दिले, आणि तेही एका प्रश्नानेच : “पणजोबांच्या आजीचे नाव आपल्या घरात आणखी कुठे लिहिलेले आहे?”

आम्ही शोधले, बंधुभगिनींनो. सातबाऱ्यावर तिचे नाव नाही. जुन्या फेरफारात तिच्या मुलांची नावे आहेत, तिचे नाही. देवघरातल्या टाकावर नाव कोरलेले नसते. आपल्या मंडळाच्या तक्त्यात तर तिला रकानाच नाही. तेथे पुरुषाखाली पुरुष, त्याखाली पुरुष. जिने खाचरे राखली तिची एकच खूण उरली होती, ती आमच्या वडिलांच्या नावात. आणि तीच आम्ही शाईने पुसली होती.

तेव्हा हे पाहावे की, ज्या नावांपुढे आपण ‘बायकी’ असे लिहून पाठवीत आहात, त्यांपैकी काही नावांत घरातली एखादी आजी, पणजी किंवा नवसाची देवी बसलेली असण्याचा संभव आहे. नाकात नथ घालून वाढविलेले ‘नथू’ही आपल्या तक्त्यांत आहेत; आधीची लेकरे दगावली म्हणून कोणा आईने दृष्ट चुकविण्यासाठी मुलाला मुलगी मानले, त्या भयाची ती नोंद आहे. त्याच मापाने धोंडू, दगडू, भिकू. मुलगा जगावा म्हणून त्याला मुलीचे सोंग देत आणि मुलगी नको म्हणून तिला ‘नकोशी’ म्हणत, ही आपल्या समाजाची दोन तोंडे होत. निरेपलीकडच्या सातारा जिल्ह्यात २०११ साली अशा २०० हून अधिक नकोशींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. ती नावे बदलली, ते योग्यच झाले; ज्या नावात अपमान आहे ते खुशाल बदलावे. पण ‘गोदाजी’त कोणाचा अपमान आहे? गोदावरीचा?

बारसे झाले. आत्यानेच बाळाच्या कानात कुर्र केले. डोळे पुसत केले, पण केले. जन्माच्या दाखल्याची गंमत अशी की, पहिल्या प्रतीवर लिंगाच्या रकान्यात ‘स्त्री’ असे छापून आले. दुरुस्तीसाठी दोन खेपा झाल्या. या वेळी चूक खरोखरच लेखनिकाची होती, आणि आम्हांला त्याच्यावर रागावण्याचा धीर झाला नाही. १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या बालकाच्या नावात आधी त्याचे, मग आईचे, मग वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव, असा शासनाचा नियम झाला आहे. त्याप्रमाणे सूनबाईंचे नावही त्या दाखल्यावर आहे. म्हणजे आता घरोघर प्रत्येक मुलग्याच्या नावात एका स्त्रीचे नाव असणारच आहे. ते बायकी वाटते म्हणून कोणी पेन्सिलीने खोडावयास गेला, तर त्याला कायद्याचीच अडचण येईल.

बाळ आता चालू लागला आहे. हाक मारली की वळून पाहतो. शाळेत काय होईल, ते आम्ही सांगू शकत नाही. हसतील, निश्चित हसतील. त्या वेळी घरी येऊन त्याने विचारले तर सांगावयाची गोष्ट सूनबाईंपाशी आहे, एवढेच.

कार्यकारिणीस आमची विनंती अशी की, तक्त्याच्या पुढील छपाईत आई, आजी, पणजी यांच्या नावांसाठी एक रकाना घालावा. खर्च एका रेघेचा आहे. आणि आपणां सर्वांस विनंती अशी की, ज्यांनी नावे सुधारून पाठविली आहेत त्यांनी आपले तक्ते जाताना आमच्याकडून परत घ्यावेत, घरी जाऊन जुने कागद पाहावेत, म्हाताऱ्या बायका हयात असतील तर त्यांना विचारावे, आणि जे नाव होते तेच लिहून दिवाळीपूर्वी चिटणिसांकडे पोहोचते करावे. खोडरबर आम्ही मंडळाच्या खर्चाने आणून ठेविले आहे. ते पेन्सिलीच्या टिपांसाठी आहे, नावांसाठी नव्हे.

आमचा तक्ता आम्ही काल भरून दिला. वडिलांच्या जागी ‘जिजाबा’ असे लिहिले आहे. त्यांच्या आजीला रकाना नव्हता, म्हणून समासात, शाईने, ‘जिजाबाई’.